वाणीची विद्या

वक्तृत्व ही उपजत देणगी नव्हे. ती अभ्यासाने साध्य होणारी विद्या आहे. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी अस्पृश्यांची बाजू मांडली, त्यामागे अनेक वर्षांचे अध्ययन होते. १९५६ साली त्यांनी राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत प्रशिक्षण विद्यालयही काढले.

आज विद्यापीठांत ही विद्या ‘संज्ञापन’ या नावाने शिकविली जाते. पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट किंवा जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ येथे पदवीनंतर तिचा अभ्यास करता येतो. पुढे पत्रकारिता, आकाशवाणी, जनसंपर्क, अध्यापन या वाटा खुल्या होतात.

शिंदखेडा परिसरातील हुशार मुले मुलाखतीत अबोल होतात, हे आम्ही शिक्षक पाहतो. पालकहो, घरची अहिराणी त्यांना लाजेची वाटू देऊ नका. जो आपल्या बोलीत निर्भयपणे बोलतो, त्याला प्रमाण मराठी आणि इंग्रजी शिकविणे आम्हांस सोपे जाते.