दुकानाचा भूसंपर्क : उन्हाळ्यातील एक आवश्यक तपासणी



दुकान, वखार अथवा गिरणीत वीज घेताना जमिनीत नळी किंवा पत्रा पुरून आपण भूसंपर्क, म्हणजे नित्याच्या बोलीतील अर्थिंग, करून घेतो. पुढे वर्षानुवर्षे तिकडे कोणी पाहत नाही. कारण उघड आहे. दिवा बिघडला तर अंधार होतो, मोटार बिघडली तर काम थांबते. परंतु भूसंपर्क निकामी झाला तरी दिवे लागतात, पंखे फिरतात, आणि उणीव कळते ती कोणास विजेचा धक्का बसल्यावरच.

मोटारीच्या लोखंडी सांगाड्यात वीज उतरली, तर तिला जमिनीत जाण्यास सुगम वाट मिळावी आणि प्रवाह इतका वाढावा की फ्यूज तत्काळ वितळावा, हे भूसंपर्काचे कार्य होय. याचे गणित हिशेबी मनुष्यास सहज उमगेल. दाब २३० व्होल्ट व भूसंपर्काचा रोध २ ओहम असेल, तर इतर रोध न धरता प्रवाह ११५ अँपिअर होतो आणि १५ अँपिअरचा फ्यूज लगेच वितळतो. रोध २० ओहम झाला, तर प्रवाह अवघा साडेअकरा अँपिअर राहतो. फ्यूज शाबूत राहतो आणि सांगाड्यात वीज खेळत राहते.

रोध वाढण्याची कारणे साधी आहेत. नळीभोवती घातलेले मीठ पावसात वाहून जाते व जाता जाता लोखंडही गंजविते. सांध्याचे बोल्ट सैल होतात. उन्हाळ्यात माती सुकते. काळी जमीन तर भेगाळते.

दिवाळीत रंगसफेदीबरोबर सर्व दुरुस्त्या उरकण्याची आपली रीत आहे. परंतु त्या वेळी जमिनीत पावसाची ओल असल्याने माप चांगले येते व खरी स्थिती झाकली जाते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत पुरवठादाराने आपल्या भूसंपर्काची परीक्षा कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, निदान दोन वर्षांतून एकदा घ्यावी असा दंडक होता, तो याच कारणाने. आपण ती दरवर्षी वैशाखात घ्यावी.

परवानाधारक वायरमनकडून वीज बंद करवून सांधे साफ करून आवळावेत, तार अखंड आहे की नाही ते पाहावे व अर्थ टेस्टरने रोध मोजावा. नळीत पाणी घालणे हितकर आहे. पण गंजलेला सांधा पाण्याने सुधारत नाही. आर.सी.सी.बी. बसविला असल्यास तोही अवश्य तपासावा. मात्र त्याची चाचणीची कळ दाबल्याने भूसंपर्काची परीक्षा होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आलेला आकडा तारखेसह वहीत लिहावा. मागील वर्षापेक्षा तो वाढलेला दिसताच दुरुस्ती करावी. गिरणीच्या सांगाड्यास दिवसातून अनेकदा ज्या कामगाराचा हात लागतो, त्याच्या प्राणाची जोखीम आपल्या शिरावर आहे, आणि ती या एका आकड्यावर अवलंबून आहे.