भावातली फट

रत्नागिरीत आंब्याचा हंगाम आणि आयपीएल एकाच वेळी येतात. बागेचे पैसे हातात असतात आणि मोबाइलवर कुणीतरी सट्ट्याचा ‘आयडी’ काढून दिलेला असतो. माझ्या पुतण्याचं कर्ज निस्तरायला बसलो, तेव्हा सट्ट्याची सगळी भाषा मी त्याच्याकडूनच समजून घेतली. ती इथे मांडतो, कारण नवखी मुलं याच शब्दांना भुलतात. शब्द कळले की खेळ कळला, असं त्यांना वाटतं.

भाव 40-42 म्हणजे काय? फेव्हरिट संघावर हजाराची ‘लगाई’ केली आणि तो जिंकला, तर 400 मिळतात. हरला तर हजार जातात. ‘खाई’ केली तर उलट. तो हरला तर हजार आपले, जिंकला तर 420 द्यायचे. रुपयामागे मधले दोन पैसे बुकीचे. ‘सेशन’, म्हणजे ठरावीक षटकांतल्या धावांवरचा सट्टा, त्याहून वाईट. सहा षटकांचं सेशन 48-50 असेल तर ‘यस’वाल्याला निदान 50 धावा लागतात, ‘नो’वाल्याला 48 पेक्षा कमी. धावा 48 किंवा 49 झाल्या तर दोघंही हरतात आणि दोघांचे पैसे बुकीकडे जातात. पुतण्या हे सगळं रंगून सांगत होता. मला मात्र प्रत्येक भावात ती फट दिसत होती.

आयपीएल संपली तरी आयडी चालूच राहिला. सप्टेंबरपासून त्यावर अमेरिकन फुटबॉल, तोही आपल्या मध्यरात्री. ज्या खेळाचा चेंडूही कधी हातात घेतला नाही, त्यावर पैसे! तिथे ‘मनीलाइन’ म्हणजे फक्त कोण जिंकणार. ‘ओव्हर-अंडर’ म्हणजे दोन्ही संघांचे मिळून गुण ठरवलेल्या आकड्याच्या वर की खाली. ‘स्प्रेड’मध्ये बलवान संघापुढे उणे 7 असेल, तर त्याने सातपेक्षा जास्त गुणांनी जिंकायला हवं, बरोबर सातने जिंकला तर पैसे परत. स्प्रेडवर सहसा 100 जिंकायला 110 लावावे लागतात. म्हणजे दहा डाव जिंकून हजार येतात आणि दहा हरून अकराशे जातात. 21 पैकी 11 जिंकाल, तेव्हा कुठे बरोबरी. ‘पार्ले’त चार-पाच अंदाज एकत्र बांधतात, एक चुकला की सगळं बुडतं. पुतण्याचे सर्वांत जास्त पैसे तिथेच गेले.

मटक्यातही हाच फटीचा हिशेब होता: आकडे दहा, पण एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ.

अमेरिकेत 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेक राज्यांनी खेळांवरचा सट्टा कायदेशीर केला. आपल्याकडे 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करारच रद्दबातल असतो. जिंकलेले पैसे बुडाले तर दावा लावता येत नाही. पण बुकीलाही आपल्यावर दावा लावता येत नाही. आयाबहिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. वसुलीची धमकी आली म्हणून दागिने मोडायला धावू नका, पोलिसांत जा.

मुलांनो, आपलं बँक खातं कुणाला ‘वापरायला’ देऊ नका. त्यातून सट्ट्याचे पैसे फिरले तर खातं गोठतं आणि चौकशी तुमची होते. खेळणं सुटत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे.