दोषाचा शेरा आणि गुणाचा शब्द



मुलांच्या वह्यांवर आपण जे शेरे लिहितो, ते एकदा मोजून पाहावेत. 'अक्षर गचाळ', 'पाढे पाठ नाहीत', 'नेहमी गैरहजर' असे शेरे किती आणि गुण दाखविणारे किती? दोष आपोआप नजरेस पडतो. गुण शोधावा लागतो. हा शोध शिक्षकाच्या कामाचेच एक अंग होय.

या बाबतीत साने गुरुजींचे उदाहरण मननीय आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांच्या अव्यवस्थितपणाबद्दल त्यांनी कुरकुर केली नाही. ते स्वतः खोल्या झाडीत, विस्कटलेले सामान नीट लावून ठेवीत. मुले शरमली आणि हळूहळू आपली कामे आपण करू लागली. त्यांच्यासाठी गुरुजी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिकही चालवीत. रागावण्याने मुलाला आपली चूक कळते. पण बरोबर काय, ते त्याला कोणी करून दाखवावे लागते.

आता आपल्या भागाकडे पाहू. जळोचीच्या आसपास, बारामती-इंदापूरच्या कालव्याखालील पट्ट्यात, ऊसतोडणीच्या हंगामात बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून कुटुंबे येतात. त्यांचे मूल मध्येच वर्गात येऊन बसते. "इतके दिवस कोठे होतास?" असे त्राग्याने विचारले, तर ते मागच्या रांगेत जाते आणि चार दिवसांनी दिसेनासे होते. त्याऐवजी "आलास, बरे झाले. गाडीत किती मोळ्या भरतात, ते सांग पाहू," असे म्हणावे. त्याच्या उत्तरावरून गुणाकाराचा पाठ सुरू करता येईल. ज्याला आपण मागासलेला समजतो, तो त्या घटकेला वर्गाला काही शिकवीत असतो. हे मूल शाळेत टिकणे किंवा न टिकणे पुष्कळदा अशा एका वाक्यावर ठरते.

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. परंतु कायदा छडी थांबवू शकतो. गोड शब्द मात्र शिक्षकाच्या अंतःकरणातूनच यावा लागतो.

तथापि कौतुक म्हणजे खुशामत नव्हे. नुसत्या 'शाबास'ने मुलाला काहीच कळत नाही. "आज तू हातचा विसरला नाहीस," असे म्हटले, म्हणजे उद्या काय करावयाचे ते त्याला उमजते. तसेच, सोसत राहणे म्हणजे दयाळूपणा नव्हे. छप्पर गळत असेल, पिण्याचे पाणी नसेल, तर लेखी तक्रार अवश्य करावी. मात्र ती दुरुस्ती करू शकणाऱ्याकडे करावी, मुलांपुढे नव्हे.

पुढील महिन्यात हे करून पाहावे :

१. दररोज दोन मुलांच्या वहीत, त्यांनी नेमके काय चांगले केले, ते एका वाक्यात लिहावे.

२. चूक सांगावयाची झाल्यास मुलाला जवळ बोलावून, हलक्या आवाजात सांगावी.

३. आठवड्यातून एका पालकाच्या घरी केवळ मुलाचा गुण सांगण्यासाठी जावे. मास्तर दारात आले की तक्रारच असणार, ही समजूत त्यामुळे पालटेल.

४. सहशिक्षकाच्या चांगल्या पाठाची वाखाणणी त्याच्या समक्ष करावी.

महिनाअखेर शेरे पुन्हा मोजावेत आणि हजेरीपत्रकही उघडून पाहावे.