बुसानचे उष्णोदक

आशियाच्या नकाशावर पूर्वेकडे दृष्टी टाकली, म्हणजे चीन आणि जपान यांच्या मध्ये समुद्रात उतरलेला एक चिंचोळा द्वीपकल्प दिसतो. तोच कोरिया. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात बुसान हे बंदर वसले आहे. सोल या राजधानीच्या खालोखाल दक्षिण कोरियातील हेच सर्वांत मोठे शहर असून तेथे तीस लाखांहून अधिक लोक राहतात. जगातील अत्यंत गजबजलेल्या बंदरांत त्याची गणना होते. कोरियन भाषेत ‘बु’ म्हणजे मोठे पातेले आणि ‘सान’ म्हणजे डोंगर. पातेल्यासारख्या डोंगराचे गाव, असा या नावाचा अर्थ. जेथे भूमीच्या पोटातून उकळते पाणी वर येते, त्या गावाला हे नाव किती शोभते, हे मला पुढे कळले.

माझा भाचा जहाजांच्या व्यवसायात आहे. कामानिमित्त तो बुसानला राहतो. “मामा, एकदा या आणि डोळ्यांनी पाहा,” असे तो वारंवार लिही. निवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा मी त्याच्याकडे गेलो. आठ दिवसांत जे पाहिले, त्यातील थोडे तुम्हांला सांगतो.

पहिल्या दिवशी भाच्याने मला जागालची नावाच्या मासळीबाजारात नेले. समुद्राला लागूनच हा बाजार भरतो. पाण्याने भरलेल्या टोपल्यांतून जिवंत मासे, खेकडे, कालवे आणि आठ हातांचे ऑक्टोपस वळवळत होते. विकणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. पायांत रबरी बूट, अंगावर रबरी वस्त्र, हातात धारदार सुरी आणि तोंडाने अखंड पुकारा! आपल्या ससून गोदीतील कोळणी माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. भाषा वेगळी, पण ‘घ्या, ताजे आहे’ हे सांगणारा स्वर मात्र तोच.

बाजारापासून जवळच योंगदो नावाच्या बेटाला शहराशी जोडणारा एक पूल आहे. १९३४ साली तो बांधला गेला. मोठी गलबते खालून जाता यावीत म्हणून या पुलाचा एक भाग झाकणासारखा वर उचलला जाई. रहदारी वाढल्यामुळे १९६६ साली हे उचलणे बंद झाले. पुढे पूल नव्याने बांधण्यात आला आणि २०१३ पासून तो पुन्हा उचलला जाऊ लागला. मला ती केवळ एक यांत्रिक गंमत वाटली. भाचा म्हणाला, “मामा, या पुलाची खरी गोष्ट लोखंडाची नाही, माणसांची आहे.”

ती गोष्ट अशी. २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. उत्तरेचे सैन्य वेगाने दक्षिणेत उतरले आणि सोल पडले. हळूहळू दक्षिणेच्या सैन्याच्या हाती आग्नेयेचा एक लहानसा कोपराच उरला. त्या कोपऱ्यात बुसान होते. ते देशाची तात्पुरती राजधानी झाले. घरदार सोडून आलेले लक्षावधी लोक या शहरात येऊन थडकले. वाटेत आई मुलापासून, भाऊ बहिणीपासून तुटे. बुसान कोणी पाहिले नव्हते. पण उचलला जाणारा पूल सर्वांनी ऐकला होता. म्हणून निघताना लोक एकमेकांना सांगत, “चुकामूक झाली, तर योंगदोच्या पुलावर भेटू.” पुलाच्या कठड्याशी माणसे दिवसचे दिवस उभी राहत. आपले माणूस जिवंत आहे की नाही, हे विचारण्यासाठी पुलाखाली बसलेल्या ज्योतिष्यांकडे जात.

आलेल्या लोकांना राहण्यास सपाट जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी डोंगराच्या उतारावर फळ्यांची आणि पत्र्यांची खोपटी उभारली. गामचन नावाची अशीच एक वस्ती आम्ही पाहिली. पायऱ्यांच्या शेतीसारखी एकावर एक घरे रचलेली आहेत. २००९ पासून चित्रकार आणि रहिवासी यांनी मिळून ती रंगवली, सजवली. आज हजारो प्रवासी तेथे छायाचित्रे काढतात. निळ्या, गुलाबी, पिवळ्या भिंती पाहून मन हरखते; पण त्या अरुंद बोळांतून चालताना, येथे प्रथम आलेल्या माणसाजवळ एक गाठोडेही धड नव्हते, याचा विसर पडू देऊ नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या उत्तर भागात गेलो. तेथे गमजंग पर्वताच्या कुशीत बोमोसा हा बौद्ध विहार आहे. इसवी सन ६७८ मध्ये उइसांग नावाच्या भिक्षूने तो स्थापिला, असे सांगतात. ‘बोमोसा’ या नावाचा अर्थ ऐकून मला नवल वाटले. ‘ब्रह्मलोकीच्या मत्स्याचा विहार’ असा तो अर्थ आहे. ब्रह्मलोकातून एक सोनेरी मासा उतरला आणि पर्वतावरील कधीही न आटणाऱ्या कुंडात खेळू लागला, अशी कथा आहे. आपल्याकडील कल्पना बौद्ध धर्माबरोबर डोंगर, वाळवंटे आणि समुद्र ओलांडून इतक्या दूर येऊन पोहोचली होती!

पर्वताच्या पायथ्याशी दोंगने हा भाग आहे. बुसान मोठे होण्यापूर्वी दोंगने हेच येथील प्रमुख नगर होते. १५९२ साली जपानचे प्रचंड सैन्य येथे उतरले. चीनवर चालून जाण्यासाठी त्यांना वाट हवी होती. “लढायचे नसेल, तर वाट द्या,” असा निरोप त्यांनी किल्ल्याला पाठवला. सोंग सांगह्यन नावाच्या अधिकाऱ्याने उत्तर दिले, की मरणे सोपे आहे, वाट देणे कठीण आहे. किल्ला पडला आणि तो अधिकारी आपल्या जागीच मरण पावला. दोंगनेचे लोक आजही त्याचे नाव आदराने घेतात.

याच दोंगनेत उष्ण पाण्याचे झरे आहेत. आपल्या वज्रेश्वरीची कुंडे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. पावसाचे पाणी जमिनीच्या भेगांतून खोल जाते, तेथील तप्त खडकांनी ते तापते आणि वाट सापडताच पुन्हा वर येते. वर येताना खडकांतील क्षार ते बरोबर आणते. दोंगनेची एक जुनी कथा आहे. पाय दुखावलेला एक पांढरा पक्षी येथील डबक्यात रोज येऊन उभा राही. काही दिवसांनी तो बरा होऊन उडून गेला. ते पाहून लोकांनी पाण्यात हात घातला, तो पाणी ऊन! कथा राहू द्या. पण सिल्ला राज्याचा एक मंत्री इसवी सन ६८३ मध्ये या झऱ्यांवर स्नानाला आला होता, असा उल्लेख कोरियाच्या जुन्या ग्रंथात आहे. १७६६ साली येथील स्नानगृहाचा जीर्णोद्धार झाला. त्याची हकीकत सांगणारा शिलालेखही अजून उभा आहे.

आता तेथे मोठमोठी स्नानगृहे झाली आहेत. भाच्याने मला आधीच नियम सांगून ठेवले. स्त्रिया आणि पुरुष यांची स्नानगृहे पूर्णपणे वेगळी असतात. सर्व वस्त्रे कपाटात ठेवून आत जायचे. प्रथम बुटक्या बैठकीवर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच कुंडात उतरायचे. कुंडात साबण न्यायचा नाही, पोहायचे नाही, आरडाओरड करायची नाही. कारण ते पाणी एकट्याचे नसते, सर्वांचे असते.

खरे सांगतो, माझे पाऊल दाराशीच अडखळले. चाळीस वर्षे वर्गात मानाने वावरलेला मी! परक्या लोकांत असे कसे जावे? पण आत गेल्यावर ध्यानात आले, की माझ्याकडे कोणी पाहतही नव्हते. तेथे साहेब कोण आणि हमाल कोण, हे ओळखण्याची सोयच नव्हती. हुद्दा, संपत्ती आणि प्रतिष्ठा ही सारी वस्त्रांबरोबर कपाटात राहिली होती.

मी बैठकीवर बसून अंग धूत होतो. शेजारी ऐंशी वर्षांपलीकडचे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या हातात खरखरीत कापडाची हिरवी पिशवी होती. ती हातात घालून अंगावरचा मळ काढतात. आपल्याकडे वज्रीने टाच घासतात, तशी. इटलीहून आलेल्या कापडापासून अशा पिशव्या बुसानमध्येच १९६० च्या दशकात प्रथम तयार झाल्या, म्हणून त्यांना ‘इटलीचा टॉवेल’ म्हणतात. माझा हात पाठीपर्यंत पोहोचत नाही, हे पाहून त्या गृहस्थांनी खूण केली आणि काही न बोलता माझी पाठ घासून दिली. मग त्यांनी आपली पाठ माझ्याकडे वळवली. अनोळखी माणसाची पाठ घासून देणे ही तेथील जुनी रीत आहे. दिवाळीच्या पहाटे आजोबांच्या पाठीला उटणे लावल्याची मला आठवण झाली.

“इंदो?” त्यांनी विचारले. हिंदुस्थानला कोरियन भाषेत ‘इंदो’ म्हणतात. मी मान डोलावली. पुढे कुंडात बसल्यावर भाचा आमच्यात दुभाषा झाला.

ते गृहस्थ मूळचे उत्तरेकडील. डिसेंबर १९५० मध्ये हुंगनाम बंदरातून सुमारे एक लाख नागरिकांना जहाजांतून दक्षिणेत आणले गेले. त्यांत आईचा पदर धरून ते आले. वय वर्षे सात. बारा वर्षांचा थोरला भाऊ धक्क्यावरील गर्दीत हातातून सुटला. आईने ओरडून त्याला सांगितले होते, “योंगदोचा पूल!” बुसानला पोहोचल्यावर आई रोज पुलावर जाऊन उभी राही.

“तो आला का?” मी विचारले.

वृद्धांनी मान हलवली. मग म्हणाले, “महिन्यातून एकदा आई मला या झऱ्यावर आणी. घरातून निघताना ती नेहमी तिघांच्या स्नानाचे पैसे मोजून घेई. म्हणे, वाटेत पुलावर तो भेटला, तर मळलेला असेल. आधी त्याला न्हाऊ घालावे लागेल. परत येताना एकाचे पैसे तिच्या मुठीत तसेच असत. ती गेली, तोवर तिने हा क्रम मोडला नाही.”

बराच वेळ आम्ही कोणीच बोललो नाही. पाण्यातून वाफ वर चढत होती. काही वेळाने मी त्यांना सांगितले, की त्याच हिवाळ्यात, नोव्हेंबर १९५० मध्ये, माझ्या देशाचे एक वैद्यकीय पथक याच बंदरात उतरले होते. त्याचे नाव साठावे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स. लेफ्टनंट कर्नल रंगराज हे त्याचे प्रमुख होते. भारताने या युद्धात लढाऊ सैन्य पाठवले नाही, वैद्य पाठवले. माघार घेण्याची वेळ आली, तेव्हा वाहने नसल्याने या पथकाने प्याँगयांगमध्ये एक जुने वाफेचे इंजिन मिळवले, स्वतः चालवले आणि औषधांचे सामान वाचवून आणले. त्यांनी सैनिकांवर उपचार केले, तसेच नागरिकांवरही केले. हे ऐकून वृद्धांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्यांचे हात उबदार होते.

निघण्याच्या दिवशी आम्ही संयुक्त राष्ट्रांची स्मशानभूमी पाहिली. १९५१ साली ती स्थापन झाली. ब्रिटन, तुर्कस्तान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांच्या २,३०० हून अधिक सैनिकांच्या समाधी तेथे आहेत. हिरवळीतून एक लहानसा पाण्याचा पाट वाहतो. त्याला एका ऑस्ट्रेलियन सैनिकाचे नाव दिले आहे. मृत्युसमयी त्याचे वय सतरा वर्षांचे होते. तुमच्याहून तो फार मोठा नव्हता. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. पण कायमचा तह अद्याप झालेला नाही आणि दुभंगलेली कुटुंबे अजून दुभंगलेलीच आहेत.

तेथून परतताना योंगदोचा पूल उचलण्याची वेळ झाली होती. घंटा झाली, वाहने थांबली आणि रस्त्याचा तो अवजड तुकडा हळूहळू आकाशाकडे उठला. प्रवासी टाळ्या वाजवू लागले. मी मात्र कठड्याशी उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे पाहत होतो. एका मुठीत एका स्नानाचे पैसे धरून उभी असलेली ती आई मला त्या गर्दीत दिसत होती.

स्वाध्याय

१. ‘बुसान’ आणि ‘बोमोसा’ या नावांचे अर्थ सांगा.
२. निर्वासित लोकांनी भेटण्यासाठी योंगदोचा पूलच का निवडला?
३. कुंडात उतरण्यापूर्वी अंग धुण्याच्या नियमामागील कारण कोणते? सार्वजनिक ठिकाणी पाळावयाचे असे आणखी तीन नियम लिहा.
४. ‘हुद्दा, संपत्ती आणि प्रतिष्ठा ही सारी वस्त्रांबरोबर कपाटात राहिली होती,’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
५. आई तिघांच्या स्नानाचे पैसे का मोजून घेई? तिच्याविषयी तुम्हांला काय वाटते, ते आठ-दहा ओळींत लिहा.
६. समास ओळखा : घरदार, जीर्णोद्धार, युद्धविराम.
७. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांच्या लहानपणीची एक आठवण विचारा आणि ती त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.