बिशप हेबर आणि काशीतील अमृतराव

रेजिनल्ड हेबर (१७८३–१८२६) हा कलकत्त्याचा दुसरा अँग्लिकन बिशप. ऑक्सफर्डला असताना १८०३ साली ‘पॅलेस्टाइन’ या कवितेस पारितोषिक मिळवून तो कवी म्हणून पुढे आला. मिशनकार्यासाठी १८१९ साली त्याने रचलेले उपासनागीत तर जगभर गायिले गेले. हिंदुस्थान पाहण्यापूर्वीच्या या गीतात मूर्तिपूजकांविषयी जो सरसकट निवाडा आहे, तो काशीत आल्यावर टिकला काय, हा प्रश्न त्याचे प्रवासवृत्त वाचताना उपस्थित होतो.

सप्टेंबर १८२४ मध्ये हेबर काशीस आला. संस्कृत विद्यालयात पृथ्वीच्या गोलावर मेरू पर्वत दाखवून ज्योतिष शिकविले जात असल्याचे त्याने नापसंतीने नोंदविले आहे. येथवर सारे अपेक्षेप्रमाणेच आहे. अमृतरावांचा उल्लेख येताच मात्र लेखणीचा सूर पालटतो.

अमृतराव हे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याचा कारभार त्यांच्या हाती दिला होता; पुढील वर्षी इंग्रजांशी करार करून सालिना सात लाखांची नेमणूक त्यांनी स्वीकारली व पुढे ते काशीस राहिले. आपल्या आराध्य दैवताच्या वार्षिक उत्सवात ते प्रत्येक ब्राह्मणास आणि आंधळ्यापांगळ्यास शेरभर तांदूळ व एक रुपया देत. त्यांच्या बागेस चार दरवाजे होते. तीन दरवाजे तीन वर्गांच्या याचकांसाठी उघडत. कोणी दुसऱ्यांदा दान घेऊ नये म्हणून दान घेतलेल्यास दिवसभर बागेतच ठेवीत. एका दिवसाचा हा खर्च कधीकधी पन्नास हजारांवर जाई, असे हेबर सांगतो. ज्यास त्याच्या गीताने अंध ठरविले असते, त्याच माणसाच्या औदार्याविषयी तो येथे मनापासून आदराने लिहितो.

या आदरालाही मर्यादा आहे. अमृतराव मानाची बिरुदे नाकारून स्वतःस केवळ कंपनीचा मित्र म्हणवितात, हा विनय हेबरला विशेष भावतो. पराभूत घराण्यातील पुरुषाचा असा विनय राज्यकर्त्यांच्या धर्मगुरूस रुचावा, यात नवल ते काय? शिवाय ही सारी माहिती ऐकीव आहे. ठरलेली भेट झालीच नाही.

पुढील वर्षी हेबरने पुण्याच्या लष्कर भागातील सेंट मेरी चर्चचे पवित्रीकरण केले. पेशवाई बुडून तेव्हा सात वर्षे झाली होती. ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्ली येथे त्याचा आकस्मिक मृत्यू झाला व दैनंदिनी १८२८ मध्ये पत्नी अमेलिया हिने प्रसिद्ध केली. स्वतः हेबरला तिच्यावर अखेरचा हात फिरविता आला नाही. म्हणूनच काशीच्या पानांत अमृतरावांच्या दानधर्माचे वर्णन चालू असतानाच, ते या क्षणी मरणपंथास लागल्याची वार्ता वर्तमानकाळातच येते.