सामाईक गाळ्याची परिभाषा

हत्याराचे नाव ठाऊक नसले तरी सरावाने कारागीर ते चालवू शकतो. परंतु जे यंत्र केवळ शब्दांवरच चालते, तेथे शब्दाचा अर्थ चुकला की काम चुकलेच म्हणावयाचे. आज हिशेब, मालसाठा, हजेरी आणि पगार ज्या भाड्याच्या संगणकप्रणालींवर ठेवले जातात, त्या अशाच यंत्रांपैकी होत. त्यांच्या परिभाषेचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या तांत्रिक विषयात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर एका अनुभवाने देतो.

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात हिशेबलेखनास मदत करण्याचा योग आला. तेथील एक लेखनिक नोकरी सोडून गेले होते. मालक म्हणाले, "त्यांचं खातं बंद करून टाक." पडद्यावर इंग्रजीत तीन पर्याय होते: सस्पेंड, डिॲक्टिव्हेट आणि डिलीट. मला तिन्हींचा अर्थ 'बंद' असाच वाटला आणि मी शेवटचा निवडला. त्या लेखनिकांच्या नावावर महिनाभराची चलने कच्च्या स्वरूपात नोंदलेली होती. खात्याबरोबर तीही गेली. कागदी प्रतींवरून ती पुन्हा भरण्यात आमच्या तीन रात्री गेल्या. चूक माझी होती यात संशय नाही. पण मराठीत तिन्हींना एकच शब्द वापरण्याची आपली सवयही त्या चुकीत भागीदार होती.

आता मूळ कल्पना पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने २०११ साली 'क्लाउड'ची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तीत पाच लक्षणे सांगितली आहेत: हवी तेव्हा आपली आपण सेवा घेता येणे, जाळ्यावरून तिच्यापर्यंत पोहोचता येणे, साधनांचा सामाईक साठा, गरजेप्रमाणे झटपट वाढ-घट आणि मोजून दिलेली सेवा. यांतील तिसरे लक्षण आपल्या विषयाचा गाभा होय. एकच प्रणाली एकाच वेळी शेकडो संस्था वापरतात. प्रत्येकीला मात्र ती आपल्या एकटीचीच वाटते. अशा प्रत्येक ग्राहक-संस्थेला इंग्रजीत 'टेनंट' म्हणतात.

या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता? 'कूळ' म्हणावे, तर १९४८ च्या कूळकायद्यानंतर त्या शब्दाला जमिनीवरील हक्काचा अर्थ चिकटला आहे. येथे तर प्रणालीची मालकी ग्राहकाकडे कधीच येत नाही. 'भाडेकरू' चालेल, पण त्यातून सामाईकपणा दिसत नाही. माझ्या मते अंबडकराच्या तोंडी असलेला 'गाळेधारक' हाच शब्द नेमका आहे. छप्पर एक, पाण्याची मुख्य नळी एक, फाटकावरचा पहारेकरी एक. पण शटर ज्याचे त्याचे आणि कुलूपही ज्याचे त्याचे. हा दृष्टांत धरला की पुढील शब्द आपोआप उलगडू लागतात.

(१) आयसोलेशन, अर्थात आडभिंत. दोन गाळ्यांमधील भिंत विटांची असते. प्रणालीतील भिंत बहुधा केवळ नियमाची असते. अनेकदा सर्वांच्या नोंदी एकाच तक्त्यात असतात व प्रत्येक नोंदीवर गाळेधारकाचा क्रमांक असतो. नोंदी मागविताना तो क्रमांक तपासावयाचा राहिला, तर शेजाऱ्याची खतावणी आपल्यापुढे उघडू शकते.

(२) ऑथेंटिकेशन व ऑथरायझेशन, अर्थात ओळख व अधिकार. फाटकावरचा पहारेकरी 'तुम्ही कोण' एवढेच विचारतो. भांडाराची किल्ली कोणाकडे असावी हा प्रश्न निराळा. परवलीचा शब्द जुळला म्हणजे सर्व दालने उघडली पाहिजेत असे नाही.

(३) सस्पेंड, डिॲक्टिव्हेट व डिलीट. यांना अनुक्रमे 'तहकूब करणे', 'निष्क्रिय करणे' व 'पुसून टाकणे' असे म्हणावे. पहिल्यात कुलूप तात्पुरते लागते. दुसऱ्यात माणूस जातो पण त्याचे दप्तर राहते. तिसऱ्यात दप्तरही जाऊ शकते. प्रणालीगणिक यांत थोडा फरक असतो, म्हणून कळ दाबण्यापूर्वी सूचना वाचणे हेच शहाणपण.

(४) नॉइझी नेबर. याचे 'गोंगाटी शेजारी' असे शब्दशः भाषांतर करू नये. सामाईक नळाला मोटर लावून सगळे पाणी ओढणारा शेजारी आपल्याला ठाऊकच आहे. 'मोटर लावणारा शेजारी' म्हटले की अर्थ तत्काळ कळतो. त्याला आवर घालण्यासाठी प्रत्येकाला जी मर्यादा घालून देतात, ती 'कोटा'.

(५) अपटाइम, अर्थात चालू-काळ. करारात ९९.९ टक्के हा आकडा भरघोस दिसतो. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात; त्यांतील सुमारे ४३ मिनिटे प्रणाली बंद राहिली तरी करार मोडत नाही. आकडा ९९ टक्के असेल, तर हाच काळ सात तासांहून अधिक होतो.

(६) बॅकअप व एक्सपोर्ट. पहिली 'राखीव प्रत', जी बहुधा प्रणाली पुरविणाऱ्याकडेच राहते. दुसरी 'हाती घेतलेली प्रत'. गाळा सोडताना दुसरीच उपयोगी पडते.

परिभाषा घडविण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. नाशिकजवळच्या भगूरचे सुपुत्र सावरकर यांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले. परंतु या इतिहासाचा धडा दुहेरी आहे. 'दिनांक' आणि 'महापौर' रुजले; उलट 'वकील', 'कागद' आणि 'शिपाई' यांना कोणी हलवू शकले नाही. ज्याला काम करावयाचे आहे त्याच्या जिभेवर जो शब्द बसतो, तोच टिकतो. म्हणून 'क्लाउड' आणि 'कोटा' खुशाल तसेच राहू द्यावेत. मात्र जेथे एका शब्दाच्या गोंधळाने कोणाची महिनाभराची मेहनत पुसली जाऊ शकते, तेथे स्वच्छ आणि वेगवेगळे मराठी शब्द हवेतच.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून छोट्या कारखानदारालाही पडद्यासमोर बसणे टळलेले नाही. तेथे बसणारा लेखनिक पुष्कळदा आपल्यासारखाच मराठी माध्यमातून शिकलेला असतो. त्याच्यासाठी हे शब्द नीट लावून देणे हे अभियंत्याइतकेच भाषेच्या विद्यार्थ्याचेही काम आहे. त्या कारखान्यात संगणकाशेजारच्या भिंतीवर मी तीन ओळींचा एक कागद चिकटवून आलो: तहकूब, निष्क्रिय, पुसून टाकणे. प्रत्येकापुढे त्याचा परिणाम लिहिला आहे. आपणही जेथे जाल तेथे असा एखादा कागद लावावा, एवढीच विनंती.