'फक्त वायरिंग बाकी आहे'

अर्धवट राहिलेली जुनी गाडी विकणारा माणूस मोवाडचा असो की मुंबईचा, त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं. "सगळं झालं आहे, फक्त वायरिंग बाकी आहे." हे ऐकलं की समोरचा चहा संपवावा आणि घरी यावं. मी जीप घेतली हे साऱ्या गावाला माहीत आहे, पण ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली का उभी आहे हे जो तो आपल्या मनाने सांगत फिरतो. "मास्तरले हौस होती, आता भोगते," असंही कानावर आलं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ज्याने विकली त्याने वाचलं तर बरंच.

गाडी 1966 ची महिंद्रा जीप, सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटवाली. ते बॉनेट उगाच उंच नाही. हिच्या मूळच्या हरिकेन पेट्रोल इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि विलीज कंपनीला बॉनेट वर घ्यावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल 1953 ला आलं आणि 1968 ला बंद झालं, पण परवान्यावर बनवणाऱ्या महिंद्राने ते पुढेही बरीच वर्षं चालवलं. आमच्याकडे या जीपांनी निवडणुका लढवल्या, साहेब फिरवले, नवरदेव मिरवले. त्यामुळे आंबिया बहाराची संत्री विकली गेली, हातात थोडा पैसा आला, की नरखेड-काटोलकडे कोणा ना कोणाला जीप आठवतेच.

विकणाऱ्याने मूळ पेट्रोल इंजिन काढून त्या जागी अपघातात गेलेल्या एका एसयूव्हीचं कॉमनरेल डिझेल इंजिन बसवलं होतं. सोबत टर्बो, इंटरकूलर, सगळा थाट. "मोवाडच्या पुराआधीपासून घरची गाडी हाय," म्हणाला. म्हणजे 1991 च्या आधीपासून. शिवाय पन्नास वर्षांच्या वरची असल्याने "व्हिंटेजचा व्हीए नंबर भेटते, किंमत चौपट होते" हेही वर. इसारपावतीवर मी "इंजिन चांगल्या स्थितीत" असं त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घेतलं. मास्तर अडाण्यासारखा फसला म्हणणाऱ्यांनी ती पावती येऊन पाहावी.

वायरिंगसाठी मी वरूडहून एक मिस्त्री आणला. वयाने माझ्या मुलाएवढा, आयटीआय केलेला, कमी बोलणारा. त्याने आधी बॉनेट उघडलं आणि वायरींचा गुच्छ हातात धरून बराच वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "सर, हे पाहा जरा." प्रत्येक वायरीचं टोक एकाच रेषेत, कटरने कचकन तोडलेलं. क्रँक सेन्सरची, कॅम सेन्सरची, ॲक्सिलरेटर पेडलची, झाडून सगळी. ज्या गाडीची वायरिंग व्हायचीच आहे तिच्या वायरी इंजिनापासून हातभर येऊन डॅशबोर्डच्या अलीकडे अशा तोडलेल्या कशा? डॅशबोर्डखाली तर दुसरी टोकं होती, टेप गुंडाळून आत खुपसलेली. म्हणजे वायरिंग झालेली होती. गाडी चालूही झालेली होती.

मग त्याने गिअरबॉक्स उतरवला. नव्या इंजिनाला जुना तीन गिअरचा टी-नाईन्टी बॉक्स जोडायला मधे लोखंडी प्लेट होती. ती लेथवर केलेली नव्हती. गॅस कटरने कापलेली, भोकं लांबट झालेली, आणि ते लांबटपण झाकायला एकावर एक वॉशर चढवलेले. क्रँकच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टसाठी पायलट बेअरिंग असतं. तिथे एक बुश होता आणि तो घट्ट बसावा म्हणून भोवती पातळ पत्रा गुंडाळलेला. मिस्त्रीने तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटला, चिंधीने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यावर कोल्ड्रिंकच्या डब्याची लाल छपाई अजून दिसत होती. शाफ्टचं बेअरिंग खाऊन गेलेलं, तळाशी तेलात चमचमणारा चुरा. "दोन सेंटर जुळले नाहीत," मिस्त्री म्हणाला, "बॉक्स रडला असणार. त्यानं कितीकदा खोलून पाह्यला, बोल्टवर खुणा हायेत. मंग सोडून देल्ला."

तिथे मला कळलं. काम पैशाअभावी थांबलं नव्हतं, मुलाच्या शिक्षणामुळेही नाही. (हे कारण त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं.) ते प्लेटपाशी थांबलं होतं. आणि घेणाऱ्याने चालू करून आवाज ऐकू नये म्हणून वायरी तोडल्या होत्या. हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण तुम्हीच सांगा, दुसरं काय कारण असेल?

फोन केला तर म्हणे, "मास्तर, प्रोजेक्ट गाडीत असं चालतेच. तुम्ही पाहून घेतली ना?" इसारपावतीची आठवण दिली तर म्हणाला, पावतीवर इंजिन चांगलं लिहिलं आहे, इंजिन चांगलंच आहे, गिअरबॉक्सचं मी कुठे लिहिलं? वर, इंजिनाचा कंप्युटर म्हणजे ईसीयू त्याने घरी ठेवला होता आणि त्याचे वेगळे पंधरा हजार मागितले. इमोबिलायझरची किल्ली? ती "कुठंतरी असन." कॉमनरेल इंजिनाला स्वतःचा ईसीयू आणि त्याला ओळखणारी किल्ली नसेल तर ते निव्वळ लोखंड आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. नरखेडच्या बाजारात समोर आला की मात्र "राम राम मास्तर, चालू केली का?" असं चारचौघांत मोठ्याने विचारतो.

आता दुसऱ्याने सोडलेलं असलं काम कोणी अंगावर घेणार असेल तर त्याच्यासाठी थोडं.

इंजिन बदललेली गाडी बघताना इंजिन शेवटी बघा. आधी जोडणी बघा. जुन्या हरिकेनचा टॉर्क जेमतेम दीडशे न्यूटनमीटर, आणि जीपचा गिअरबॉक्स, जॉइंट, एक्सलचं हौसिंग त्या हिशेबाने घडवलेलं. आजचं टर्बो डिझेल त्याच्या दीडपट-दुप्पट सहज देतं. पहिल्या गिअरमध्ये चढावर बॉक्स टिकेल का, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा आणि त्याच्या उत्तरापेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. ॲडॉप्टर प्लेट कोणत्या लेथवर झाली, ते नाव घ्या आणि त्या लेथवाल्याला स्वतः जाऊन भेटा. गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगमधून चमचाभर तेल काढून बोटांवर चोळा. चुरा लागला तर पुढचं बोलणं बंद.

मग जॅक लावून पुढच्या पाट्यांवर पूर्ण भार येऊ द्या आणि इंजिनाखालचा तेलाचा सम्प व पुढचं हौसिंग यांत किती जागा उरते ते पाहा. माझ्या गाडीत करंगळीही जात नव्हती. आमच्या पांदण रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात सम्प फुटला असता. या जीपच्या मागच्या-पुढच्या हौसिंगचा गिअर रेशो 5.38 आहे, म्हणजे टॉप गिअरमध्ये ताशी ऐंशीच्या वेगाला इंजिन मिनिटाला तीन हजारांवर फेरे घेतं. इंजिन कितीही नवं आणा, हौसिंग बदलल्याशिवाय हायवेवर सुख नाही. ब्रेक तर विचारूच नका. नऊ इंची ड्रम, एकच सर्किट, बूस्टर नाही. ताकद दुप्पट करणाऱ्याने थांबण्याचा विचारच केला नव्हता.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती आतून गंजलेली असतेच असते. कॉमनरेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो आणि इंजेक्टरला गंजाचा कणही चालत नाही, तेव्हा टाकी नवी करा किंवा ॲल्युमिनियमची बनवा. आणि डिझेल गळतं का हे चालू इंजिनावर हात फिरवून कधीही बघू नका. तेवढ्या दाबाचा फवारा कातडीतून आत घुसतो. पुठ्ठा धरा.

कागदांचं लोक नंतर बघू म्हणतात. कागदच आधी बघा. आरसी उघडली तेव्हा नाव भलत्याचंच निघालं, आणि तो माणूस वारलेला. "घरची गाडी" ती हीच! त्याच्या सह्यांचे कोरे फॉर्म 29 आणि 30 मात्र हजर, तारखेची जागा मोकळी. मेलेल्या मालकाची गाडी वारसाने फॉर्म 31 भरून आधी स्वतःच्या नावावर करायची असते, मग पुढे विकायची. असले सहीचे फॉर्म घेऊन फिरणाऱ्याशी व्यवहार करूच नये. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या नावाची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलेलं आहे.

आरसीवर इंधन पेट्रोल, इंजिन नंबर जुना. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीत नोंदलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नंबर जुळत नाही म्हटल्यावर विमा कंपनी काय करेल ते सांगायला नको. आधीच्याने परवानगी घेतली असेल तर ती लेखी असते. ती हातात घ्या. "आपला माणूस हाय आरटीओत" ही परवानगी नव्हे.

आणि व्हीए नंबर! केंद्राने जुलै 2021 मध्ये व्हिंटेजचे नियम काढले. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षं मुदत, प्रदर्शन-रॅलीसाठीच वापर. त्यात पन्नास वर्षांची अट आहे हे खरं, पण त्याच वाक्यात गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको, असंही आहे. म्हणजे ज्या दिवशी याने हरिकेन उतरवलं त्याच दिवशी व्हीए नंबर गेला. अर्धी ओळ त्याने मला वाचून दाखवली, अर्धी गिळली. नियम स्वतः वाचा, दुसऱ्याच्या मोबाइलवर नको.

बाकी घाई करू नये, पैसे टप्प्याने द्यावे, व्यवहाराला साक्षीदार असावा, हे सगळ्यांना माहीत असतं. सुटलेला प्रत्येक भाग पोत्यातून बाहेर काढून, यादी करून, त्यावर दोघांच्या सह्या घ्या. "बाकीचं घरी हाय" हे चालणार नाही.

आता ते डिझेल इंजिन उतरवून पुन्हा हरिकेन बसवायचं असं मी ठरवलं आहे. पण आरसीवरचा नंबर ज्या ब्लॉकवर आहे तोच ब्लॉक हवा, आणि तो यानेच विकला. पांढुर्ण्याच्या एका कबाड्याला दिला म्हणाला. जाऊन आलो. तिथल्या माणसाने आपल्याकडे जीपचं इंजिन कधी आलंच नाही म्हणून सांगितलं. परत येऊन विचारलं तर म्हणतो, पांढुर्णा कुठं बोललो मास्तर, सौंसर बोललो होतो.